जंतूंची लिपि आणि गोदेचें पाणी

सिंह राशीस गुरु आला म्हणजे नाशिकास आणि त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो, ही गोष्ट आपणांपैकीं कोणास नव्यानें सांगावयास नको. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकास कुशावर्तांत आणि नाशिकास रामकुंडांत लक्षावधि लोकांना स्नान घडविते. बारा वर्षांनीं एकदां येणाऱ्या या पर्वकाळीं गोदेच्या पाण्यांत काय काय मिसळतें आणि त्याचा माणसाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न जुना आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्याचें जें साधन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मनुष्याच्या हातीं आलें, तें मात्र नवें आहे. तें साधन म्हणजे जंतूंच्या अंगांत लिहिलेली लिपि वाचण्याची विद्या. आजच्या भाषणांत त्या विद्येची थोडीशी ओळख करून देऊन, नाशिककरांनीं आणि एकंदर महाराष्ट्रानें तिचा उपयोग कसा करून घ्यावा, याविषयींहि मी चार शब्द बोलणार आहें.

मोठ्या यात्रा आणि साथी यांचें नातें फार जुनें आहे. १८६७ सालीं हरिद्वारचा कुंभमेळा आटोपून यात्रेकरू आपापल्या गांवीं परतले, ते पटकीचा रोग बरोबर घेऊनच. ज्या ज्या वाटेनें ते गेले, त्या त्या वाटेवर साथ पसरत गेली. त्या वेळीं रोगाचें खरें कारण कोणासच ठाऊक नव्हतें. कोणी दूषित हवेस दोष देई, कोणी जमिनीस, कोणी दैवास. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकानें कलकत्त्यास येऊन पटकीचा तो स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु रोग्यांच्या आंतड्यांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यांतहि दाखवून दिला. क्षयाचा जंतु त्यानेंच दोन वर्षें आधीं शोधून काढला होता. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें येर्सिन यास प्लेगचा जंतु सांपडला, दोनच वर्षांनीं प्लेग मुंबईंत उतरला, आणि १८९७ च्या आरंभीं हाफकिन यानें त्यावरील लस मुंबईंतच तयार केली. या शोधांनीं वैद्यकाचें स्वरूपच पालटलें.

तथापि कॉखच्या रीतीस मर्यादा होत्या, आणि त्या आजहि आहेत. ती रीति अशी, कीं रोग्याच्या थुंकींतून किंवा रक्तांतून जंतु घ्यावयाचा, त्यास मानवेल असें अन्न देऊन कांचेच्या बशींत वाढवावयाचा, आणि मग तो ओळखावयाचा. पण कित्येक जंतु अशा बशींत वाढतच नाहींत. क्षयाचा जंतु वाढतो, पण इतका सावकाश कीं त्याची पैदास डोळ्यांस दिसण्यास कित्येक आठवडे लागतात. शिवाय सूक्ष्मदर्शकाखालीं दोन जंतु हुबेहूब सारखे दिसतात, आणि त्यांतील एक औषधास दाद देतो, तर दुसरा देत नाहीं. आणि हा जंतु आला कोठून, कोणापासून कोणाकडे गेला, हें तर कांचेखालीं कधींच दिसत नाहीं.

येथें ती लिपि उपयोगी पडते. प्रत्येक जंतूच्या अंगांत डीएनए नांवाचा एक अतिसूक्ष्म तंतु असतो. त्यावर चार प्रकारचीं रासायनिक अक्षरें माळेंतील मण्यांप्रमाणें एकामागून एक ओवलेलीं असतात. शास्त्रज्ञ त्यांस ए, टी, जी आणि सी असें म्हणतात. जंतूनें काय खावें, कसें वाढावें, कोणतें विष निर्माण करावें, हा सारा मजकूर या चार अक्षरांत लिहिलेला असतो. पटकीच्या जंतूची अशी पोथी सुमारें ४० लक्ष अक्षरांची आहे. क्षयाच्या जंतूची ४४ लक्षांची. करोना विषाणूची पोथी डीएनएची नसून आरएनए या त्याच्याच भावंडाची असते, आणि ती अवघी ३० हजार अक्षरांची आहे. या संपूर्ण मजकुरास जीनोम असें नांव आहे.

१९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं डीएनएची रचना उलगडली, आणि १९७७ सालीं फ्रेडरिक सँगर यांनीं तीं अक्षरें ओळीनें वाचण्याची सोईस्कर रीति दिली. १९९५ सालीं प्रथमच एका जंतूची सुमारें १८ लक्ष अक्षरांची पोथी आरंभापासून अखेरपर्यंत वाचून झाली. त्यानंतर १९९८ सालीं क्षयाच्या, २००० सालीं पटकीच्या आणि २००१ सालीं प्लेगच्या जंतूची पोथी प्रसिद्ध झाली. त्या काळीं एकेका जंतूसाठीं मोठ्या मंडळीस वर्षेंच्या वर्षें खपावें लागे. आज तेंच काम यंत्र एक-दोन दिवसांत करतें. यंत्राची युक्तीहि पाहण्यासारखी आहे. एकाच पोथीच्या शेकडों प्रती घेऊन त्यांचे कसेहि तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावरील थोडींशीं अक्षरें वाचलीं, आणि ज्या दोन तुकड्यांचीं टोंकें एकमेकांशीं जुळतात ते शेजारीं ठेवीत गेलें, तर सबंध पोथी पुन्हां उभी करतां येईल. यंत्र तुकडे वाचतें, आणि जुळणीचें काम संगणक करतो.

आतां, या वाचनाचा वैद्यास उपयोग काय? तो समजण्यासाठीं आपल्या परिचयाचें एक उदाहरण घेऊं. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति तयार झाली, हें आपणांस माहीत आहे. १९१९ सालीं आरंभिलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें, आणि डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्याला शास्त्रशुद्ध वळण लाविलें. निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितें समोर ठेवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, हें पंडितांनीं कसें ओळखलें? चुकांवरून आणि पाठभेदांवरून. लेखक नक्कल करतांना एखादें अक्षर चुकतो, पुढचा लेखक ती चूक इमानानें उतरवून घेतो आणि आपली एक नवी भर घालतो. ज्या दोन पोथ्यांत तीच ती चमत्कारिक चूक आढळते, त्या एकाच घराण्याच्या. जंतूंचेंहि तसेंच आहे. एका जंतूचे दोन होतांना त्याच्या पोथीची नक्कल होते, आणि क्वचित् एखादें अक्षर बदलतें. क्षयाच्या जंतूंत हा बदल सरासरीनें दोन वर्षांत एका अक्षराचा असतो. करोना विषाणूंत महिन्यास सुमारें दोन अक्षरांचा. म्हणून दोन क्षयरोग्यांच्या जंतूंत पांचांहून अधिक अक्षरांचा फरक नसेल, तर त्या दोघांमध्यें रोग अलीकडेच पसरला असावा, असें समजतात. बारांहून अधिक अक्षरांचा फरक असेल, तर त्यांचा परस्पर संबंध जवळचा नाहीं असें धरतात.

या विद्येनें एका नदीची फिर्याद कशी तडीस नेली, तें ऐकण्यासारखें आहे. हैती नांवाच्या बेटावरील देशांत १०० वर्षांच्या आठवणींत पटकी नव्हती. २०१० च्या जानेवारींत तेथें प्रचंड भूकंप झाला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एका नदीच्या कांठीं अचानक पटकी सुरू होऊन हजारों माणसें दगावलीं. नदीच्या वरच्या अंगास संयुक्त राष्ट्रसंघाच्या नेपाळी शांतिसैनिकांची छावणी होती, आणि तिची घाण पाण्यांत जाते असा लोकांचा आरोप होता. आरोप मान्य होईना. पुढें हैतींतील आणि नेपाळांतील जंतूंच्या पोथ्या शेजारीं ठेवून वाचल्या, तेव्हां कांहींमध्यें ४० लक्षांपैकीं अवघ्या एक-दोन अक्षरांचा फरक निघाला. अखेर २०१६ सालीं राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनीं हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या सैनिकांनीं रोग जाणूनबुजून आणला नव्हता. दोष होता तो मैल्याची विल्हेवाट लावण्यांतील हयगयीचा. लिपीनें माणसाचा धर्म वा देश दोषी ठरविला नाहीं; तिनें उघडी पडलेली मोरी दाखविली.

आतां आपल्या गोदावरीकडे वळूं. २०१५ सालच्या सिंहस्थांत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतील डॉ. योगेश शौचे, डॉ. अविनाश शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं नाशिक येथें पांच ठिकाणीं गोदेचें पाणी घेऊन त्यांतील जंतूंची तपासणी केली, आणि आपले निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांची रीति मीं वर सांगितलेल्या संपूर्ण वाचनाहून थोडी निराळी होती. पाण्यांत शेंकडों जातींचे जंतु एकत्र असतात. त्यांतील प्रत्येकाची सबंध पोथी वाचणें अवघड. पण जुन्या पोथीच्या आरंभीं जसें मंगलाचरण असतें, तसें एक ठराविक जनुक सर्व जातींच्या जीवाणूंत सांपडतें. त्याचा पाठ जातीजातीगणिक थोडा थोडा भिन्न असतो. तेवढेंच वाचलें, तरी पाण्यांत कोणत्या घराण्याचे जंतु किती आहेत, याची गणती करतां येते.

या गणतींत काय आढळलें? मेळ्याच्या काळांत पाण्यांतील जंतूंचा एकूण भार सुमारें १३० पट वाढला. त्याच वेळीं त्यांची विविधता मात्र सुमारें ३७.५ टक्क्यांनीं घटली. नदीच्या स्वाभाविक रहिवासी जंतूंचीं घराणीं मागें पडलीं, आणि फर्मिक्यूट्स नांवाच्या घराण्याचें प्राबल्य झालें. वाढीव भार मुख्यतः मनुष्याच्या शरीरांतूनच आला असावा, असा हिशेबाचा कौल पडला. म्हणजे, नदीच्या घरांत पाहुणे इतके झाले कीं घरचीं माणसेंच दिसेनाशीं झालीं. याखेरीज, रोग उत्पन्न करण्याचें सामर्थ्य देणारीं आणि प्रतिजैविक औषधांस न जुमानण्याचें बळ देणारीं जनुकेंहि त्या काळांत वाढलीं असावींत, असें अनुमान त्या संशोधकांनीं काढलें.

‘अनुमान’ हा शब्द मी जाणून योजला आहे. मंगलाचरणावरून पोथी कोणत्या संप्रदायाची तें कळतें. आंत नेमका कोणता अध्याय आहे, तें त्यावरून तर्कानेंच ठरवावें लागतें. शिवाय या तपासणींत जिवंत जंतु आणि मेलेला जंतु यांतील भेद दिसत नाहीं. म्हणून २०१५ सालीं गोदास्नान केलेला प्रत्येक मनुष्य रोग घेऊन गेला, असा अर्थ कोणी काढूं नये. तसें त्या संशोधकांनीं म्हटलेलेंहि नाहीं. त्यांनीं दाखविलें तें इतकेंच, कीं धोक्याची वाट मोकळी आहे. त्या वाटेनें खरोखर कोण गेलें, हें पाहावयाचें असेल तर पुढची पायरी चढली पाहिजे. नदीच्या पाण्यांतून, गटारांतून आणि यात्रेंत आजारी पडलेल्या रोग्यांकडून जंतु घेऊन त्यांच्या सबंध पोथ्या वाचल्या पाहिजेत, आणि एकमेकींशीं ताडून पाहिल्या पाहिजेत.

औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न किती गंभीर आहे, हें पाहावयास नदीकांठींच जावें लागतें असें नाहीं. क्षयावरील रिफॅम्पिसिन हें प्रमुख औषध घ्या. तें ज्या ठिकाणीं जंतूवर आघात करतें, त्या जागेची कृति लिहिणाऱ्या जनुकांत ८१ अक्षरांचा एक लहानसा परिच्छेद आहे. ४४ लक्षांच्या पोथींतील त्या ८१ अक्षरांत एखादेंच अक्षर विवक्षित ठिकाणीं बदललें, तर औषध निरुपयोगी होतें. गोव्यांत तयार होणाऱ्या ट्रुनॅटसारख्या यंत्रांनीं हा एक परिच्छेद कांहीं तासांत तपासतां येतो, आणि ही मोठीच सोय आहे. पण क्षयावर औषधें अनेक, आणि त्यांना निकामी करणारीं अक्षरेंहि पोथींत ठिकठिकाणीं विखुरलेलीं. तीं सर्व एकदम पाहावयाचीं तर संपूर्ण वाचनच हवें. कोणत्या अक्षराच्या बदलानें कोणतें औषध वायां जातें, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली आणि २०२३ सालीं ती सुधारून पुन्हां काढली.

हीं अक्षरें बदलतात यांत नवल नाहीं. तो निसर्गाचा क्रम आहे. पण बदललेल्या अक्षराचा जंतु टिकतो आणि फैलावतो, तो पुष्कळ अंशीं आपल्या हलगर्जीपणामुळें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबईंतील एका पाहणींत सुमारें शंभर खासगी डॉक्टरांनीं क्षयावर मिळून ८० निरनिराळ्या उपचारपद्धति सांगितल्या होत्या! पुढें वीस वर्षांनीं, म्हणजे २०११ च्या अखेरीस, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं असे चार रोगी जगापुढें मांडले, कीं ज्यांच्या क्षयाच्या जंतूवर तपासलेल्या औषधांपैकीं एकाहि औषधाचा परिणाम होत नव्हता. त्यानंतर नवीं औषधें आलीं, आणि अशा रोग्यांनाहि आज आशा आहे. पण अंदाजानें दिलेलें आणि अर्धवट घेतलेलें औषध हीच जर आपली वहिवाट राहिली, तर हीं नवीं औषधें जुन्यांच्याच वाटेनें जाण्यास फार दिवस लागणार नाहींत. ज्या रोग्याच्या जंतूची पोथी आरंभींच वाचली जाते, त्यास लागू पडेल तेंच औषध मिळतें. ज्याची वाचली जात नाहीं, तो महिनोन् महिने निरुपयोगी गोळ्या गिळतो, आणि तेवढ्या अवधींत घरांतील मुलांबाळांना तोच हट्टी जंतु देऊन बसतो.

परंतु केवळ वाचन पुरेसें नाहीं, हेंहि आपण नुकतेंच अनुभविलें आहे. करोनाच्या जीनोमवर नजर ठेवण्यासाठीं २०२० च्या डिसेंबरांत भारतांतील दहा प्रयोगशाळांचा एक संघ स्थापन झाला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन्ही संस्था त्यांत होत्या. २४ मार्च २०२१ रोजीं केंद्र सरकारनें जाहीर केलें, कीं महाराष्ट्रांतील नमुन्यांपैकीं सुमारें १५ ते २० टक्क्यांत दोन विशिष्ट अक्षरबदल एकत्र आढळत असून डिसेंबरपासून त्यांचें प्रमाण वाढलें आहे. त्याच कुळांतील एका शाखेस पुढें ‘डेल्टा’ हें नांव मिळालें. अक्षरें वाचलीं गेलीं होतीं. पण एप्रिल उजाडला तेव्हां नाशिकपासून नागपुरापर्यंत रोग्यांना खाटा मिळत नव्हत्या आणि प्राणवायूसाठीं नातेवाईक रात्ररात्र वणवण करीत होते. त्या वर्षीं आपणांपैकीं पुष्कळांच्या घरचें माणूस गेलें. पत्र वेळेवर आलें, आणि वाचणाराहि होता. पण त्याप्रमाणें वागावयास हवा तितका अवधि आणि तितकी तयारी नव्हती. तेव्हां लिपीच्या वाचनाइतकेंच महत्त्व त्या वाचनाचा निरोप महापालिकेपर्यंत, रुग्णालयापर्यंत आणि गल्लींतल्या डॉक्टरापर्यंत पोंचविण्यास आहे.

याच्या उलट, निरोप वेळेवर पोंचला म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. मुंबईच्या गटारांतील पाणी २००१ सालापासून पोलिओच्या विषाणूसाठीं नियमानें तपासलें जात आहे. विषाणु सांपडला कीं त्याचीं अक्षरें वाचून तो कोणत्या प्रांतांतील विषाणूच्या कुळांतला, हें ठरवितां येई, आणि लसीकरणाची मोहीम कोठें जोरानें न्यावयाची तें कळे. एकाहि मुलाचा पाय लुळा पडण्यापूर्वीं गटारानेंच सूचना द्यावी, अशी ही योजना. भारतांतील शेवटचा नैसर्गिक पोलिओरोगी २०११ च्या जानेवारींत आढळला, आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. या यशाचें मुख्य श्रेय लशीचें व ती घरोघर पोंचविणाऱ्यांचें. तरी त्यांत या पहारेकऱ्याचाहि वांटा आहे.

नाशिकास असा पहारा ठेवणें अशक्य आहे काय? २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ सालचा, आणि त्याच्या पर्वण्या पावसाळ्यांतच येतात. महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकासच आहे, आणि जंतूंची लिपि वाचणाऱ्या नामांकित संस्था पुण्यास, म्हणजे कांहीं तासांच्या अंतरावर आहेत. मेळ्यापूर्वीं, मेळ्यांत आणि मेळ्यानंतर ठराविक घाटांवरील पाणी व शहरांतील गटारें नियमानें तपासावीं. यात्रेंतील दवाखान्यांत येणाऱ्या जुलाबाच्या व तापाच्या रोग्यांचे नमुने त्याच वेळीं घ्यावे. आणि जें आढळेल तें दोन दिवसांच्या आंत यात्रेच्या अधिकाऱ्यांस व यात्रेकरू ज्या प्रांतांतून आले त्या प्रांतांस कळवावें. तीन वर्षांनीं प्रसिद्ध झालेला निबंध शास्त्रास उपयोगी पडतो. यात्रेकरूस दोन दिवसांत मिळालेला इशाराच उपयोगी पडतो. आणि ही सोय केवळ पर्वकाळापुरती नसावी. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतील क्षयरोग्याची थुंकी जर त्याच प्रयोगशाळेंत तितक्याच तत्परतेनें वाचली जाईल, तर सिंहस्थासाठीं केलेला खर्च पुढें बारा वर्षें पुण्य देत राहील.

अर्थात् कोणतेंहि यंत्र घाण साफ करीत नाहीं. नदींत मैला जाऊं नये, पिण्याचें पाणी शुद्ध असावें, लाखो लोकांना पुरतील इतकीं शौचालयें असावींत, हीं कामें कॉखच्या काळीं होतीं तींच आजहि आहेत. लिपि वाचल्यानें तीं टळत नाहींत. उलट तीं कोणी टाळलीं, हें मात्र आतां लपत नाहीं.

गृहस्थांच्या वांट्याचेंहि काम थोडें आहे, पण तें करण्यासारखें आहे. सर्दीपडशास प्रतिजैविक औषध दुकानांतून आपल्या मनानें आणूं नये. वैद्यानें दिलेलें औषध सांगितले तितके दिवस घ्यावें. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठीं डब्यांत जपून ठेवूं नयेत, आणि शेजाऱ्यासहि देऊं नयेत. क्षयाचा संशय असेल, तर औषधांस दाद न देणाऱ्या जंतूची तपासणी आरंभींच करून घ्यावी, आणि ती झाली कीं नाहीं हें डॉक्टरांना विचारण्यास संकोचूं नये. जंतूच्या पोथींतील अक्षरें आपल्या हातीं नाहींत. पण त्यांतील कोणता पाठ टिकावा आणि कोणता नाहींसा व्हावा, हें पुष्कळ अंशीं आपल्या घरांतील औषधांच्या डब्यावर आणि आपल्या गांवच्या गटारावर अवलंबून आहे. गोदामाईच्या कांठीं जमणाऱ्या भाविकांची श्रद्धा हजारों वर्षांची आहे. तिला साजेल इतकें निर्मळ पाणी त्यांच्या ओंजळींत पडावें, ही जबाबदारी मात्र आपली आहे.